डाव्या हाताची माफी

शनिवारी दुपारी सेरवाने कंद कुटून केलेल्या फुफूचा घास डाव्या हाताने तोडला, तेव्हा तिच्या वडिलांनी आपली खुर्ची जराशी वळवली आणि वाडग्याकडे बघून म्हटलं, "सेबे."

"पापा, तुम्ही रश्श्याची माफी मागताय?"

"माशाची. मेला म्हणून त्याचा मान गेला का?"

घानातल्या कुमासीत डाव्या हाताने काही द्यायचं, घ्यायचं किंवा नुसता रस्ता दाखवायचा असला, तरी आधी सेबे म्हणतात. मान राखून करतो, गैर वाटून घेऊ नका, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. न म्हणणाऱ्याला लोक काही बोलत नाहीत, त्याच्या आईबापांना बोलतात.

सेरवा सरावासाठी डाव्या हाताने जेवत होती. विद्यापीठात ती परफॉर्मन्स आर्टचा अभ्यास करत होती. या विषयात नुसतं लिहून भागत नाही, करूनही दाखवावं लागतं. आणि नुसतं करून भागत नाही, त्यावर लिहावंही लागतं. तिच्या प्रयोगाचं नाव होतं 'डावा दिवस'. सकाळपासून बाजार उठेपर्यंत सगळे व्यवहार डाव्या हाताने करायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. एखादा नियम किती खोल रुजला आहे, हे तो मोडल्यावर लोकांना येणाऱ्या रागावरून कळतं, असं तिचं म्हणणं होतं. त्या म्हणण्याला आधार म्हणून प्रबंधात बरीच मोठी माणसं उभी केली होती.

प्रयोग एकदा होऊन गेला होता. राग मात्र आला नव्हता, कारण वडील आले होते.

वडिलांची, यॉ बार्फींची, नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्याची. आयुष्यभर त्यांनी न आलेल्या गाड्यांबद्दल माफी मागितली. त्यातली एकही गाडी त्यांची नव्हती. निवृत्तीनंतर ही सवय मोकळीच होती. सेरवाने टोमॅटोवाल्या टिवा मावशीपुढे डावा हात धरला, मावशीने कमरेवर हात ठेवून तोंड उघडलं, आणि मुलीच्या खांद्यामागून आवाज आला, "सेबे, ताई. लेक आहे माझी. विद्यापीठाचं काम आहे. हाताला काही झालेलं नाही, शिक्षण झालंय." मावशीने तोंड मिटलं आणि वर एक टोमॅटो जास्त टाकला. पुढे मासळीच्या ओळीत तेच झालं, रताळ्यांच्या ओळीतही तेच. चित्रफितीत जिथे सेरवा दिसते, तिथे तिच्या मागे इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस दिसतो, किंचित वाकलेला.

डॉक्टर आन्सा तिच्या मार्गदर्शक. त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. फक्त या गृहस्थांना वगळून पुन्हा कर." सेरवाला ते पटलं. प्रबंधात तिने वडिलांची नोंद 'बाह्य अडथळा' अशी केली. सोमवारी पुन्हा प्रयोग ठरला, परीक्षकांसमोर.

जेवण झाल्यावर वडिलांनी टेबलावर चादर अंथरली आणि पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग शर्ट कशाला?"

"शर्टाला काय ठाऊक आपण कुठे जाणार ते. त्याने तयार असावं."

"पापा, सोमवारी येऊ नका. खरंच सांगते. तुम्ही आलात की माझं काम बिघडतं."

"शाळेच्या नाटकात तू झाड होतीस, तेव्हाही येऊ नका म्हणाली होतीस."

"आणि तुम्ही आलात. झाडाला हाक मारलीत."

"झाडाने वळून पाहिलं." त्यांनी कॉलरवर इस्त्री दाबली. "बरं, नाही येत. या वेळी बोलावलंस तरच येईन. आजवर एकदाही बोलावलं नाहीस, आता निदान तसा नियम करू. तुला नियम आवडतात."

"नाही बोलावणार."

"बरं."

ती प्रबंधाकडे वळली. त्यांनी शर्ट खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला, बटणं लावून.

रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी ते त्याच खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. सेरवा बाहेर पाण्याची बादली भरत होती. तिने आत येऊन उशीर होतोय म्हणून दोनदा हटकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने 'मेले' हा शब्द काढला नाही. बार्फी गावाला गेले, एवढंच गल्लीत सांगितलं. रीतच तशी आहे. सेरवाच्या मनात आलं, गावाला जाणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो. तो तर खुर्चीच्या पाठीलाच होता.

घराण्याने अंत्यविधीची तारीख ठरवेपर्यंत बरेच आठवडे गेले. कापडं काळी-लाल झाली, मांडव पडला, कर्णे लागले. घराण्याची माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली आणि येणारा प्रत्येक जण उजवीकडून डावीकडे सरकत एकेकाचा हात हातात घेत गेला. उजवा हात, अर्थातच. वडिलांच्या घराण्यात मुलं धरत नाहीत, ती आईच्या घराण्याची. त्यामुळे सेरवा दुसऱ्या ओळीच्या टोकाला होती. तरी शेकडो हात तिच्यापर्यंत पोचले.

तिला रडू येत नव्हतं. शोक हा जाहीर प्रयोग कसा असतो, यावर तिने पहिल्या वर्षाच्या मुलांना एक तास शिकवला होता, आणि तो तास आता तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

वडिलांचे थोरले भाऊ आदू काका तिच्या कानाशी वाकले. "हे खरं आहे, की विद्यापीठाचं?"

"काय?"

"हे न रडणं. लोक बघतायत."

"लोक बघतायत म्हणून रडू का, काका?"

"मग लोक कशाला बोलावलेत?" काका म्हणाले आणि कापड सावरत पुढच्या पाहुण्यांकडे गेले. डॉक्टर आन्सा आल्या, हात हातात घेतला, आणि सावकाश म्हणाल्या, "परीक्षेची घाई नाही. तुला जमेल तेव्हा."

तिला लगेच जमवायचं होतं. प्रयोग वडिलांवाचून उभा राहतो हे एकदा दिसलं की प्रबंध पुरा होणार होता. आणि उभा राहिला नाही, तर ज्याला तिने अडथळा म्हटलं तो अडथळा नव्हता, हे तिला प्रबंधात लिहावं लागणार होतं. दोन्हींपैकी आपल्याला काय हवं आहे, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर आन्सा आणि आक्राहून आलेले बाहेरचे परीक्षक केळ्यांच्या ढिगाशेजारी उभे राहिले. परीक्षकांच्या नव्या बुटांवर कोणाची तरी बादली सांडली होती. ते त्याकडे दुर्लक्ष करत होते. सेरवा काळ्या कपड्यांत होती, कारण वर्ष सरेपर्यंत तेच घालायचे. ती टिवा मावशीच्या पाटीपुढे थांबली आणि तिने डावा हात पुढे केला.

मावशी रागावली नाही. तिने हाताकडे पाहिलंही नाही. ती सेरवाच्या खांद्यामागे बघत राहिली, शब्द यायचा आहे आणि आला की टोमॅटो उचलू, अशा बेताने. शेजारची कांदेवाली तिकडेच बघू लागली. मिरचीवाली मापटं हातात धरून थांबली. सगळी ओळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. एक हमाल डोक्यावर गोणी घेऊन तिथून जाणार होता, तो वळसा घालून गेला.

"अगं," मावशी हळूच म्हणाली, "आता कोण म्हणणार?"

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं.

सेरवाला बोलायचं नव्हतं. तिचा हात अजून पुढेच होता. डॉक्टर आन्सांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबल्या.

सेरवा मागे वळली. टोमॅटोच्या दोन खोक्यांच्या मधे एका माणसाला किंचित वाकून उभं राहता येईल एवढी जागा होती.

"पापा," ती म्हणाली. आवाज कांद्याच्या ओळीपर्यंत गेला. "या. मी बोलावतेय. माझ्या मागे उभे राहा."