बहात्तर पायऱ्या आणि बिटाचा रस

बाबांनी बिटाचा रस सुरू केला त्याला वर्ष झालं होतं आणि वर्षभर इमारतीत कोणाचीच सुटका नव्हती. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस आता जिन्यात भेटेल त्याला अडवून विचारायचा, "बीट घेता की नाही? मी घेतो. चार मजले चढतो, पण धाप म्हणून लागत नाही!"

लिफ्ट बंद पडून सहा महिने झालेल्या इमारतीत हे वाक्य ऐकणाऱ्याच्या बरोबर वर्मी लागायचं.

त्यांची सून बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोणत्या पाण्यानं कोंब लवकर फुटतो, कोणत्या औषधानं बी कुजतं, हे ट्रेमध्ये बिया मांडून बघायचं हेच तिचं रोजचं काम. एका रविवारी चहा पिता पिता ती सहज बोलून गेली, "पण बाबा, हे बिटामुळेच कशावरून?"

सासूबाईंचा कप ओठापाशीच थांबला.

"कशावरून म्हणजे? मी समोर बसलोय ना धडधाकट!"

"तो झाला एकट्या तुमचा अनुभव. शिवाय ज्या महिन्यात बीट सुरू केलंत, त्याच महिन्यात दुकान बंद केलंत. दिवसभर वाकून बसणं सुटलं, सकाळचं फिरणं सुरू झालं. मग श्रेय द्यायचं कोणाला?"

बाबांना ते चांगलंच झोंबलं. "मग तपास की! मांड आम्हालाही तुझ्या ट्रेमध्ये!"

ते रागानं बोलले होते. सुनेनं मात्र ते मनावर घेतलं.

आठवड्याभरात आठ माणसं तयार झाली. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका, तिसऱ्यावरच्या मास्तरीणबाई आणि आणखी सहा जण. ज्यांना मूतखडा होता किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांना सुनेनं आधीच वगळलं. चार आठवडे, रविवार सोडून रोज सकाळी रस प्यायचा, दोन तासांनी तळापासून वरपर्यंत बहात्तर पायऱ्या चढायच्या आणि लागलेला वेळ लिहायचा. निम्म्यांना आधी दोन आठवडे बीट, मग दोन आठवडे बिटासारखा दिसणारा नकली रस. उरलेल्यांना उलट.

"मास्तरीणबाईंना आधी बीट दे," बाबा म्हणाले. "बिचाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच दम खायला बसतात. आणि शिंप्याला नकली दे. तसाही त्याचा विश्वास नाही."

"बाबा, मग बीट हरलं काय आणि जिंकलं काय, खेळ तुम्हीच मांडलेला असेल. चिठ्ठ्या टाकायच्या."

चिठ्ठ्या सासूबाईंनी उचलल्या, त्यांनीच त्या सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्या आणि रसही त्याच ओतणार असं ठरलं. कोणाच्या पेल्यात काय आहे हे सुनेलाही कळायचं नव्हतं.

"मला तरी सांगशील ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की सुनेला हसू आवरेना. "लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. पहिल्यांदाच असं काहीतरी आहे जे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही."

नकली रस जमवायला तीन दिवस लागले. गाजर, खायचा लाल रंग, आणि दोन्ही रसांत इतकं आलं-लिंबू की जीभ चक्रावून जावी. चव बघायला सुनेनं नवऱ्याला बसवलं. त्यानं दोन्ही पेले संपवले आणि दोन्ही सारखेच वाईट आहेत असा निर्वाळा दिला. ती खूश झाली.

स्टॉपवॉच अर्थातच बाबांकडे. पहिल्याच सकाळी वर पोचलेल्या शिंपीकाकांना ते म्हणाले, "जरा जीभ दाखवा बघू."

"कशाला?"

"असंच."

जीभ लाल होती. मास्तरीणबाईंची जीभही लाल निघाली, आणि त्यांच्यामागून आलेल्या पाचही जणांची. आठवी जीभ बघायच्या आधीच सुनेनं हाताला धरून बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, घड्याळ तुमच्या हातात आहे. कोणी बीट प्यायलंय हे कळलं तर तुमचा अंगठा तुमच्या नकळत लवकर दाबला जाईल."

"माझा अंगठा?" बाबा दुखावले. पण त्यानंतर त्यांनी कोणाला जीभ काढायला लावली नाही.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. शिंपीकाका घामाघूम होऊन दाराशी उभे. "सूनबाई," ते कसेबसे म्हणाले, "लघवी... लाल." ते थेट डॉक्टरकडून येत होते. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, बीट हा शब्द ऐकला आणि हसून त्यांना परत पाठवलं होतं. पण तोवर काकांनी बायकोला सगळी कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते सांगून टाकलं होतं.

सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बिटानं काही जणांना असं होतं, हे तिला ठाऊक होतं. सांगायचं मात्र राहून गेलं. ती आठही घरांत गेली, हात जोडून माफी मागितली, कोणाला सोडायचं असेल तर सोडा म्हणाली. कोणीच सोडलं नाही. पण काका बीट पितायत हे गुपित फुटलं ते फुटलंच. मग तिनं नवा नियम केला. दर शनिवारी प्रत्येकानं आपण काय पितोय असं वाटतं ते लिहून द्यायचं, म्हणजे नुसत्या समजुतीचा असर किती तेही दिसेल.

महिना संपला. सासूबाईंनी समारंभानं डबा उघडला आणि सुनेनं रात्रीच्या जेवणाआधी हिशेब मांडला. बिटाच्या दिवसांत माणसं सरासरी दोन सेकंदांनी लवकर चढली होती.

"बघ!" बाबा उडालेच.

"थांबा. एकाच माणसाच्या वेळेत रोज पाच-सहा सेकंदांचा चढउतार आहे. त्यात हे दोन सेकंद कुठे शोधणार? आणि हे बघा. रस कुठलाही असो, पहिल्या आठवड्यात सगळ्यांची सरासरी एक्याऐंशी सेकंद होती. शेवटच्या आठवड्यात अडुसष्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज जिना चढलं की जिना चढता येतो."

मास्तरीणबाईंच्या शनिवारच्या चिठ्ठ्यांवर तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पहिले दोन आठवडे बाईंनी लिहिलं होतं, "नक्की बीटच. पाय पिसासारखे." ते दोन्ही आठवडे त्या गाजर पीत होत्या.

सगळे कागद उचलून बाबा आपल्या जुन्या कामाच्या टेबलाशी गेले आणि डोळ्याला भिंग लावून बसले. जेवायलाही उशिरा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर निघाली, तेव्हा ते कागद घेऊन दारात उभे होते.

"तुझी बेरीज चुकली आहे. एकशे ब्याण्णव आकडे पुन्हा मांडले मी. शिंप्याचा तिसरा बुधवार, चौसष्ट सेकंद. तू एकशे चौसष्ट धरलेत."

तिनं कागद बघितला. खरंच चुकलं होतं. त्या दिवशी काका नकली रस पीत होते. म्हणजे चूक सुधारली की बिटाचे दोन सेकंद एकावर येत होते.

"बाबा, हे तर तुमच्याच विरुद्ध गेलं."

"गेलं ना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडलेला होता. "म्हणून काय तसंच ठेवायचं? अख्ख्या इमारतीला सांगायचं आहे. आकडा बरोबर नको?"

तिनं कामावर उशीर होईल असा फोन केला. मग दोघं मिळून नवा तक्ता करायला बसले. बाबा आपल्या बारीक, रेखीव अक्षरात लिहीत होते आणि ती आकडे वाचत होती. शेवटची ओळ तिनं सांगितली, "आठ माणसांवरून सगळ्या जगाचं सांगता येत नाही. पण आपल्या जिन्यात बिटाचा फरक दिसला नाही."

बाबांनी पेन थांबवलं. "'अजून दिसला नाही' असं लिहू का?"

सुनेनं थोडा विचार केला. "लिहा," ती म्हणाली.

मग तक्ता आणि तो खाली भिंतीवर चिकटवायला खळ घेऊन बाबा पायऱ्या उतरायला लागले.