मागचे ब्रेक

रामभाऊंच्या परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते आणि दीक्षाच्या गाडीला मागचे ब्रेक नव्हते.

आता गाडी म्हणजे शोरूममध्ये पेढे वाटून आणलेली गाडी नव्हे. अमेरिकेतल्या कॅरी गावी, घरच्या गॅरेजात दीक्षाने ती साडेतीन वर्षं खपून स्वतः बांधली होती. नुसता सांगाडा खोक्यांमधून आला, सोबत विटेएवढं जाड पुस्तक. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, ब्रेक हे सगळं एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यावर चढवायचं. स्वतः मरून दुसरीला जगवणाऱ्या त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. दीक्षाची डोनर होती एक म्हातारी मियाटा, माझदा कंपनीची दोन सीटची छोटी गाडी. दिवसा बाई औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या बॅचेस तपासायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत हात काळे करायची. तिचा नवरा अतुल येईल त्या पाहुण्याला सांगायचा, "माझी सवत गॅरेजात असते, या, ओळख करून देतो."

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मात्र तिने अतुललासुद्धा धड सांगितलं नव्हतं. रामभाऊंनी नागपूरच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं ब्रेकचं काम केलं. माणसाचं आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली, आणि स्वतःचं वाहन म्हणाल तर एक सायकल. त्यांच्या ओव्हरटाइमवर दीक्षा शिकली, त्याच सायकलवर बसून क्लासला गेली आणि अमेरिकेत आली. बापाला आपल्या हातच्या गाडीत बसवून एकदा रस्त्यावर न्यायचं, एवढंच तिला हवं होतं. ते याच खेपेला व्हायला हवं होतं. आई जाईबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना प्रवास झेपत नव्हता, आणि त्यांना एकटीला सोडून रामभाऊ पुन्हा येणार नव्हते. तसं त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

आणि नेमके आता ब्रेक रुसले. मियाटाचे मागचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क चिमट्यात धरून गाडी थांबवणारा भाग, गंजून असे जाम झाले होते की हातोडीलाही दाद देईनात. ऑनलाइन मागवावेत तर तीन आठवड्यांची बॅकऑर्डर. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे सरकारी तपासणीची तारीख शुक्रवारची, ती हुकली तर पुढची महिन्याभराने. तपासणीशिवाय नंबर प्लेट नाही आणि प्लेटशिवाय रस्ता नाही.

"दुसरी मेलेली मियाटा शोधावी लागेल," दीक्षा म्हणाली.

"मग चाल न," रामभाऊ म्हणाले. "काहून बसून राहिली?"

शनिवारी सकाळी बापलेक तासाभराच्या अंतरावरच्या भंगार यार्डात पोचले. तिथली रीत अशी, की आपली हत्यारं आपण न्यायची, हवा तो भाग आपल्या हाताने सोडवायचा आणि गेटवर दाखवून घरी न्यायचा. एकरच्या एकर गाड्या रांगेने उभ्या. चार महिने रामभाऊ घरातल्या खिडकीतून लोकांचे गवत कापणारे ट्रॅक्टर बघत बसले होते. फार झालं तर कोथिंबीर निवडायची आणि संध्याकाळी तळ्याला फेरी मारायची. कुठल्याही कामाला हात लावला की लेक किंवा जावई धावत येई, "बाबा, राहू द्या, तुम्ही बसा." यार्डात शिरल्यावर मात्र त्यांची चाल बदलली. लग्नघरात नातलग भेटावेत तसे ते एकेका गाडीपाशी थांबू लागले.

मियाटा सापडली अकराव्या रांगेत. हिरवी, तोंड चेपलेलं, पण मागची बाजू नवरीसारखी जपलेली. सीटखाली कुणाच्या तरी लहान मुलाची एक चप्पल राहून गेली होती. रामभाऊंनी तिच्या डिकीवर हात ठेवला. "कोणाची होती बाप्पा," ते म्हणाले, "चांगली ठेवली होती." आणि मग कुणाला तरी निरोप द्यावा तशी मान झुकवली. दीक्षानेही स्पॅनर खाली ठेवून हात जोडले. का जोडले ते तिला सांगता आलं नसतं.

काम सगळं दीक्षा करत होती. रामभाऊंना तिने एका उलट्या बादलीवर बसवलं होतं, कारण आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांना अंगणात चक्कर आली होती आणि तेव्हापासून वाकणं बंद, खाली झोपणं बंद, असा तिचा हुकूम होता. चौतीस वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाने बादलीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. तरी ते हाकत होते. "डावं फिरव. झटका नको देऊ, वजन दे."

एक बोल्ट काही केल्या सुटेना. दीक्षाने दोन्ही पाय लावून जोर केला तरी तो ढिम्म. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतला एक दाढीवाला गोरा आला, काही न बोलता हातभर लांब लोखंडी पाइप स्पॅनरच्या दांड्यावर चढवून गेला. बोल्ट सुटला. पाइप परत करायला गेली तर तो म्हणे, "झालं की गेटवर ठेवून दे, दुसऱ्या कुणाला लागेल." ना नाव ना गाव. अशा माणसांच्या जिवावर जग चालतं, आणि आपण उगाच बातम्या बघून रक्त आटवतो.

निघालेले कॅलिपर रामभाऊंनी फडक्याने पुसले आणि सवयीप्रमाणे पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. ही डेपोतली जुनी पद्धत. एक ठिपका ड्रायव्हरच्या बाजूचा, दोन ठिपके क्लीनरच्या बाजूचे. दीक्षाला ती शाळेत असल्यापासून माहीत होती, म्हणून तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवारी ब्रेकचं तेल गळू न देणाऱ्या रबरी सीलचं पाकीट पोस्टाने आलं. जुन्या कॅलिपरमध्ये नवी सील बसवायचं काम मात्र रामभाऊंनी मागून घेतलं. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून ते दिवसभर बसले. चिमट्यात धरलेलं रबर दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. दीक्षाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवारी संध्याकाळी कॅलिपर गाडीवर चढले. आता राहिलं ब्रेकची हवा काढणं. नळीत तेलाबरोबर हवेचा बुडबुडा राहिला की पेडल दबतं पण गाडी थांबत नाही. रामभाऊ सीटवर बसून पेडल मारायचे, दीक्षा खाली झोपून स्क्रू सोडायची.

"दाबा. धरा. सोडा."

तेलाची दीड बाटली संपली. तीनदा पहिल्यापासून केलं. पेडल आपलं पावासारखं मऊ, थेट तळाशी जातंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण ते तेव्हा कुणाला कळावं? दीक्षाने सगळे जोड तपासले, नळ्या तपासल्या. चौथ्या वेळी रामभाऊंनी पेडलवरून पाय काढला.

"सील मी बसवलं," ते म्हणाले. "माझ्या हातानंच काही राहिलं असन."

"बाबा, तसं काही नाही."

"चौतीस वर्षांत माझा ब्रेक कधी परत आला नाही." हे त्यांनी अभिमानाने नाही म्हटलं. हात पुसले आणि ते वर गेले. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवली, आणि नागपूरहून जाईबाईंचा फोन आला तेव्हा "जय भीम, सगळं बरं आहे" एवढं बोलून तो दीक्षाच्या हातात दिला.

"शुक्रवारचं कॅन्सल कर यार," अतुल हळूच म्हणाला. "नंतर व्हिडिओ कॉलवर दाखवू त्यांना."

दीक्षा त्याच्यावर अशी उखडली की बिचारा भांडी घासायला निघून गेला. चूक त्याची नव्हतीच. बापाला सुख द्यायला आपण निघालो आणि जाता जाता त्याचा हातावरचा विश्वासच काढून घेतला, हे तिला सहन होत नव्हतं. आता गाडी रस्त्यावर येवो न येवो, हा माणूस असं मन घेऊन विमानात बसला तर आपण काय मिळवलं?

बुधवारी तिने घरून काम घेतलं होतं. सकाळी चहाच्या वेळी रामभाऊ खाली आले ते तिची जुनी डांगरी अंगात घालून. बाह्या आखूड झाल्या होत्या.

"मले एकदा खाली जाऊ दे," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पडू नको म्हणाला. हे तर झोपूनच करायचं आहे."

दीक्षाच्या तोंडावर नेहमीचं "राहू द्या" आलं होतं. पण बापाचा चेहरा पाहून ते तिने गिळलं. चाकं लावलेली फळी आणली, त्यावर उशी टाकली, गाडी टेकूंवर पक्की आहे ना ते दोनदा हलवून पाहिलं आणि त्यांना हात धरून निजवलं. रामभाऊ पायांनी रेटत गाडीखाली सरकले. पलंगावर माणूस कूस बदलेल इतक्या सहज सरकले. मग टॉर्चचा उजेड एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे गेला, परत आला, आणि तिथेच थांबला. दीक्षाचा जीव टांगणीला लागला.

"बाबा? बरं वाटतंय ना?"

"दीक्षा," खालून आवाज आला, "तुमच्याकडं ड्रायव्हर कोणत्या बाजूनं बसतो?"

"डावीकडे."

"आणि आमच्याकडं?"

दीक्षा गुडघ्यांवर बसली ती बसलीच. रामभाऊंनी उजवीकडच्या कॅलिपरवर एक ठिपका दिला होता, कारण जन्मभर त्यांचा ड्रायव्हर उजवीकडे बसत आला होता. आणि चौदा वर्षं अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या लेकीने एक ठिपका पाहून तो डोळे मिटून डावीकडे चढवला. दोघंही आपापल्या देशात बरोबर. कॅलिपरची अदलाबदल झाली होती, त्यामुळे हवा काढायचा स्क्रू वर यायचा तो खाली आला होता.

"हवा जाते वर," रामभाऊ सांगत होते, "अन् तू तिले दार ठेवलं खाली. कुठून निघन?"

"आणि सील?"

"मी तेच पाहून राहिलो." टॉर्च पुन्हा एकदा दोन्ही चाकांवर फिरला. "कोरडं आहे. दोन्ही. थेंब नाही."

"दाखवा, मी पण बघते," म्हणत दीक्षा शेजारी फरशीवर तशीच आडवी झाली. टॉर्चच्या उजेडात तिने बोट फिरवून पाहिलं. खरंच कोरडं होतं. मग आधी ती हसली, मग ते हसले, आणि वरून कॉफी घेऊन आलेल्या अतुलला गाडीखालून फक्त चार पाय हलताना दिसले.

त्या दिवशी कॅलिपर उतरवून आपापल्या जागी चढवले ते रामभाऊंनी, निजल्या निजल्या. पेडलवर या वेळी दीक्षा होती. "दाब. धर. सोड," हुकूम खालून येत होता आणि ती निमूट ऐकत होती. चौथ्या-पाचव्या दाबाला पेडल दगडासारखं घट्ट झालं.

शुक्रवारी निघताना शेजारच्या मालिनीकाकूंनी चाकाखाली ठेवायला चार लिंबं आणून दिली. रामभाऊंनी ती आदराने घेतली आणि दुपारी त्यांचं सरबत केलं. तपासणीच्या इन्स्पेक्टरने तासभर गाडी खालून-वरून पाहिली, मागच्या चाकांपाशी जरा जास्तच थांबला आणि ब्रेक कुणी केले म्हणून विचारलं. दीक्षाने बापाकडे बोट दाखवलं. त्याने हातमोजा काढून रामभाऊंशी हात मिळवला आणि कागदावर सही केली.

शनिवारी सकाळी तात्पुरती प्लेट लावून बापलेक जॉर्डन लेककडच्या रस्त्याला लागले. उघडी गाडी, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, वाऱ्याने बोललेलं ऐकू येईना. रामभाऊ कानटोपी घालून ताठ बसले होते. पुढे-मागे कुणी नाही असं बघून दीक्षाने एकदा मुद्दाम करकचून ब्रेक मारला. गाडी रेषेत थांबली, जराही वळली नाही. रामभाऊंनी मान डोलावली.

तिने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. आपल्यात बापाला थँक्यू म्हणायची पद्धत नाही. म्हटलंच तर बाप विचारतो, बरं नाही का तुला? पण उद्या दुपारी विमान होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्यामुळे झालं सगळं. ब्रेकच नाही, सगळंच. मला कधी बोलता आलं नाही. तुम्हाला या गाडीत बसवायचं म्हणून मी ती बांधली."

रामभाऊ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. वारा थांबला होता तरी त्यांनी कानटोपी काढली नाही.

"बसवलं ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "तुझ्या आईले सांगतो मी. पण बेटा, माझं पोट तर बुधवारीच भरलं." ते पुढे म्हणाले, "चार महिने झाले, सगळे म्हणतात, बाबा बसा. रिटायर झालो तेव्हापासून म्हणतात. तू मले खाली जाऊ दिलं. तुझे उपकार झाले माझ्यावर."

दीक्षाने चावीला हात घातला, पण फिरवली नाही. डोळे भरून आले होते आणि रस्ता दिसत नव्हता. रामभाऊंनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला, आणि ती सावरेपर्यंत घाई केली नाही.