अडखळती गौळण

केशवरावांना किळस येणार नाही अशी वस्तू साकोलीत शोधून सापडली नसती. चहाच्या कपाचा कान चिकट लागला की किळस. एस.टी.त शेजारच्याने खांद्यावर मान टाकली की किळस. कोणी गोड बोललं की सगळ्यात जास्त. असा माणूस नुसता घरी बसून नाक मुरडत राहिला असता, तर एकट्या देवकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते सोसलं असतं. पण बाबूलाल शेठने हेरलं की या नाकाला पगार देण्यात फायदा आहे, आणि त्यांना आपल्या बिडी कारखान्यात चेकर करून टाकलं.

काम साधं होतं. बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात तंबाखू भरायच्या आणि बिड्या वळून कट्टे बांधायच्या. केशवराव कट्टा हातात घेऊन एकेक बिडी चिमटीत दाबायचे. पोकळ असेल, पान फाटकं असेल, तोंड नीट मुडपलेलं नसेल, तर ती बिडी उचलून बाजूच्या टोपलीत. याला छाट म्हणतात. छाट झालेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, त्यामुळे केशवराव समोर येऊन बसले की बायकांच्या तोंडचं हसू जायचं. त्यांना शिव्या देण्यात कोणी कसर ठेवली नव्हती. पण त्यांची छाट खोटी आहे, असं मात्र कोणी कधी म्हटलं नाही. माणूस कडू होता, पण सरळ होता.

या कडू माणसाच्या आत एक गोड गोष्ट होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांची आई कोंढा गावची. धान रोवताना ती एक गौळण म्हणायची. ती तिने कुठून आणली कोणास ठाऊक. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ती कधी ऐकू आली नाही. आई गेली तेव्हा शब्दही तिच्याबरोबर गेले, चाल तेवढी केशवरावांच्या कानात राहिली. त्या चालीत एक जागा होती. राधा पलीकडच्या काठावरून हाक मारते तिथे चाल एका दमात वर चढायची, आणि आईचा आवाज त्या जागी असा काही जायचा की बांधावरचे गडी हातातलं काम थांबवायचे. ही चाल आपल्याबरोबर जाऊ नये असं केशवरावांना फार वाटायचं. पण गळा असा मिळाला होता की गायला तोंड उघडलं तर स्वतःचीच किळस यावी.

आणीबाणी उठली त्या वर्षी ते बिड्यांचा नमुना घेऊन गोंदियाला गेले. तिथे पीटर नावाचा एक म्हातारा रेल्वे गार्ड लेकीकडे परदेशी निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्यात एक चार तारांची इवलीशी गिटार होती. त्याने तिचं नाव सांगितलं, युकुलेले, आणि वाजवूनही दाखवली. स्वच्छ, मोकळा आवाज. केशवरावांनी ती हातात घेऊन आधी वास घेतला. तिला तंबाखूचा वास नव्हता. तेवढ्यावर त्यांनी ती घेतली, सोबत बोटं कुठे ठेवायची त्याच्या चित्रांचं एक पातळ पुस्तकही घेतलं.

देवकाबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं.

"सकाळी तंबाखूचा वास, संध्याकाळी हा खणखणाट," त्या म्हणाल्या. "दोनातलं एकच घरी आणत जा."

तंबाखू अंगावरून जाणार नव्हती, म्हणून खणखणाट कारखान्यात गेला. पोळ्याच्या दिवशी केशवरावांनी संकल्प केला, दिवाळीपर्यंत आईची पूर्ण गौळण वाजवायची. दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी सोडायच्या आणि हे ओसरीवर बसून गौळण सुरू करायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोज. आणि रोज त्या वर चढायच्या जागी त्यांचा डावा हात तारांवरून सरकताना मागे राहायचा, करंगळी उशिरा पोचायची आणि एका दमातली चाल मध्येच ठेचकाळून पुढे जायची. नाचता येईना अंगण वाकडं. केशवरावांनी तारेला दोष दिला. ती तार काढून बाजारातून गळाची नायलॉनची दोरी आणून बसवली. ठेच होती तिथेच राहिली. मग उद्या जमेल म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आपलं वाजवणं ऐकून त्यांना शिसारी यायची, पण संकल्प सोडवत नव्हता.

वच्छला नावाची एक नवी पोरगी सानगडीहून कामावर यायला लागली होती. तिला केशवरावांनीच पहिल्या दिवशी दम दिला होता, "पुरी बिडी वळाची घाई नोको करू. आधी नुसते तोंडं मुडपाले शिक. तेवढं साधलं की मंग पुढचं." पोरगी हाताने मठ्ठ होती, तोंडाने नव्हती. एका दुपारी गौळण संपल्यावर ती म्हणाली, "केशवभाऊ, असं वाटते रेडिओच लागून राहिला."

केशवरावांनी नाक मुरडलं. इतकं तोंडदेखलं बोलणं त्यांनी बाबूलाल शेठच्या व्याह्यांकडूनही ऐकलं नव्हतं. पण बोलणं कानात गेलं ते गेलंच. संध्याकाळी वच्छलेचा कट्टा हातात आला तेव्हा चिमटी जरा हलकी पडली.

बायकांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी ओसरीभर वाहवा झाली. एकीला म्हणे डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली, माह्या नवऱ्याले आणतो ऐकाले. फक्त शकुनबाई, जिची बिडी कधी छाटीत जात नसे, खाली मान घालून भाकरी खात राहिली. तिला कोणाची खुशामत करायची गरज नव्हती. छाटीच्या टोपलीचा तळ दिसायला लागला. वाहवा बाबूलाल शेठपर्यंत गेली आणि ते स्वतः ओसरीवर आले.

"दिवाळी झाली की सानगडीची मंडई भरते, त्या जत्रेत नाटक आहे आपलं," ते म्हणाले. "पडदा उघडाच्या आधी तुमी हे वाजवा. चार गावचे लोक येतील. आपल्या बिडीचं नाव होईल."

केशवराव हो म्हणाले. नको म्हणायला हवं हे त्यांना त्याच क्षणी कळत होतं, तरी हो म्हणाले. खुशामतीची किळस येणारा माणूस खुशामत पचवायला शिकला होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी स्वतः पास केलेल्या कट्ट्यातली एक बिडी काढून पेटवली. पहिल्याच झुरक्याला ती मध्येच उसवली. धुराऐवजी तोंडात कच्च्या तंबाखूचा चुरा आला, जिभेला, दातांना, टाळ्याला चिकटला. ते भिंतीपाशी वाकून थुंकत राहिले. पाणी घेऊन चुळा भरल्या तरी कडूपणा जाईना. कट्टा वच्छलेचा होता. त्यांनी शेजारचा उघडला, तो दुसऱ्या एकीचा, त्यातही तेच. आंधळ्यानेही ओळखली असती अशी पोकळ बिडी त्यांच्या बोटांखालून गेली होती, आणि कशासाठी, तर रेडिओ म्हटलं म्हणून. त्यांना वच्छलेचा राग आला नाही. स्वतःच्या बोटांची किळस आली. ती बोटं त्यांनी धोतराला पुसली, पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्यांनी गौळण वाजवली आणि विचारलं, "खरं सांगा. कसं वाटलं?"

"बढिया जी," सगळ्या एका आवाजात म्हणाल्या.

"कोठी चुकलं काय?"

"तुमचं कायले चुकन?" वच्छला म्हणाली.

केशवराव उठून मागच्या विहिरीकडे गेले. तिथे शकुनबाई डबा घासत होती. पाठ इकडे होती, तिला ते आलेले दिसले नाहीत. ती गुणगुणत होती. केशवराव जागच्या जागी थांबले. कित्येक वर्षांनी बाईमाणसाच्या आवाजात आईची चाल ऐकू येत होती. धानाचा बांध, आईचे चिखलातले पाय, सगळं समोर आलं. चाल चढणीपाशी आली. आणि शकुनबाईने तिथे एक ठेच खाल्ली, हुंकारासारखं थांबली, मग पुढे गेली. करंगळी उशिरा पोचायची तेवढाच वेळ. नेमका तेवढाच.

"हे काय गाऊन राहिली?" केशवरावांनी विचारलं.

शकुनबाई वळली. "तुमचीच गौळण जी. रोज ऐकून ऐकून बसली तोंडात. सगळ्याच म्हणतात. माही नात बी म्हणते." मग त्यांचा चेहरा बघून तिने विचारलं, "अशीच हाये ना?"

ही बाई खोटं बोलणारी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. आईची चाल आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून त्यांनी हा उद्योग मांडला होता. आता ती जाणार नव्हती. लंगडी होऊन साकोलीत घरोघर राहणार होती, शकुनबाईच्या नातीच्या तोंडी, तिच्या लेकरांच्या तोंडी, आणि कोणाला कळणारही नव्हतं की तिचा पाय मोडलेला आहे. मंडईत वाजवलं तर तो चार गावांत मोडणार होता. इतके दिवस ते गौळणीची तालीम करत नव्हते, ठेचेची तालीम करत होते, आणि ती तेवढी पक्की झाली होती.

ते तडक शेठकडे गेले आणि मंडईला वाजवणार नाही म्हणून सांगितलं.

"काहून?" शेठ म्हणाले. "लोकायले सांगून झालं माह्यं. सगळे तर तारीफ करून राहिले."

"छाट आहे ते," केशवराव म्हणाले. "मी पास नाई करत."

शेठ पुष्कळ बोलले. केशवरावांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी टोपली जवळ ओढून बसले. वच्छलेच्या कट्ट्यातल्या अर्ध्याच्या वर बिड्या त्यात गेल्या. पोरीने रडून पाहिलं, मग रेडिओची आठवण करून दिली, मग घरी जाताना असं काही बोलली की जुन्या बायकांनीही कान झाकले. केशवरावांना त्या शिव्या स्वच्छ वाटल्या.

सुट्टीत मात्र ते ओसरीवरच बसत. आता संकल्प एवढाच होता, पूर्ण गौळण नाही, ओळ नाही, नुसती ती चढण. खालून वर हात सरकवायचा, इतका सावकाश की करंगळी चालीच्या आधी पोचली पाहिजे. बिडीचं नुसतं तोंड मुडपायचं तसं. नव्या पोरींना आपण जे पहिल्या दिवशी सांगायचो ते आपल्याला कधी सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली. तेच दोन सूर, दुपारभर. करंगळी चुकली की थांबायचं, चुकीवरून पुढे जायचं नाही. बायका वैतागल्या. "गाणं नाई काय आज?" म्हणून विचारायच्या, नंतर विचारणंही सोडलं. वाहवा तर छाट सुरू झाली त्याच दिवशी आटली होती. मंडई झाली, नाटक झालं, पडद्याआधी कोणीतरी पेटी वाजवली. केशवराव गेले नाहीत. थंडी पडली, तारा बोटांना कापायला लागल्या, आणि एके दिवशी हात वर गेला तेव्हा करंगळी तिथे आधीच जाऊन बसलेली होती.

त्या दुपारी त्यांनी पुष्कळ दिवसांनी गौळण पहिल्यापासून धरली. बायकांनी ओळखली. भाकरी खाता खाता त्या गुणगुणायला लागल्या, वच्छलासुद्धा. चढण आली. केशवरावांचा हात एका दमात वर गेला, आई जायची तसा, आणि चाल निघून गेली. बायका सवयीने ठेचेपाशी थांबल्या आणि मागेच राहिल्या. गुणगुणणं विस्कटलं. शकुनबाईने पहिल्यांदाच मान वर केली आणि हातातला घास तसाच धरून ती ऐकत राहिली.

वच्छलेला आता केशवरावांकडून काही मिळायचं नव्हतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्याकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"आज चुकलं जी तुमचं. त्या वरच्या जागी थांबाचं राहते. तुमी थांबलेच नाई."