पाच आकड्यांची सेवा

मी एक जुना रेग्युलेटर आहे. पंख्याचा. अंगानं काळा, चौकोनी, जेवणाच्या डब्याएवढा. पोटावर एक गोल बटण आणि त्याच्याभोवती शून्यापासून पाचपर्यंतचे आकडे. त्यातला तीन आता पुसट झाला आहे. का पुसला, ते पुढे सांगतो.

मित्रांनो, सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत महादेवाचं एक मंदिर आहे. त्याला लागून कीर्तनाचा हॉल आहे. त्याच्या भिंतीवर मी गेली पस्तीस वर्षं राहतो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात तारेचं वेटोळं बसवलं, झाकण लावलं आणि मला खोक्यात घातलं. त्याहून जास्त काही आठवत नाही. मला खरा जन्म दिला तो संगप्पा वायरमननं. त्यानं भिंतीला भोकं पाडली, मला बसवलं, बटण फिरवलं आणि वर पंखा फिरायला लागला, तेव्हा मला कळलं की आपण कशासाठी आहोत.

तो पंखा साधा नव्हता. तो कीर्तनकाराच्या डोक्यावरचा होता.

भिंतीला टेकून, अगदी माझ्याखाली, संगप्पाची बायको काशम्मा बसायची. संगप्पा तिला म्हणाला, "तू हितंच बसतीस न्हवं? मग पंख्याचं तू बघ." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर काशम्मानं पस्तीस वर्षं सेवा केली. संगप्पा गेला, तिचे केस पांढरे झाले, लोक तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणू लागले, पण तिची जागा बदलली नाही.

तुम्हाला वाटेल, पंखा फिरवायचा यात कसली सेवा? कीर्तन ऐकणाऱ्याला विचारा. आमचे कीर्तनकार प्रभुलिंग महाराज नमन करायचे तेव्हा काशम्मा मला दोनवर ठेवायची. आख्यान रंगात आलं, महाराज घामानं भिजले की तीन. तीनवर मी इतकी वर्षं राहिलो की तिच्या अंगठ्यानं तो आकडाच झिजला. आवाज टिपेला चढायच्या आधी ती हळूच एकवर आणायची, कारण घामेजलेल्या गळ्याला वारा लागला की गळा धरतो. आणि आरतीला शून्य, ताटातला कापूर विझू नये म्हणून. महाराजांनी कधी वर पाहिलं नाही, की खूण केली नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि तिचा हात आपोआप वर यायचा. मला त्या हाताची इतकी सवय झाली होती की तो यायच्या आधीच मला कळायचं.

माझ्यातही दोष होते, ते लपवणार नाही. मी तापायचो. वीज खायचो. एकदा तर माझ्यातून जळका वास आला होता. म्हणून मागच्या वैशाखात, बसवजयंतीच्या सप्ताहाआधी, राजशेखर नवीन यंत्रणा घेऊन आला तेव्हा मी मनातून रागावलो नाही. राजशेखर या गल्लीतलाच. पुण्यात इंजिनिअर आहे, मनानं चांगला आहे. त्यानं बोर्डात एक चिमुकली वस्तू बसवली आणि हॉलमधल्या सगळ्याच पंख्यांचं काम मोबाइलवर आणलं. उकाडा किती आहे हे सांगणारी एक पांढरी डबीही होती. उकाडा वाढला की पंखा वाढेल, उतरला की उतरेल. कुणी हात लावायची गरज नाही.

"अव्वा, आता तुम्ही निवांत कीर्तन ऐका," तो म्हणाला. "पंख्याचं पंखाच बघेल."

"त्याला कीर्तन कळतंय व्हय?"

"त्याला उकाडा कळतो की!"

"आणि गळा?"

सगळे हसले. काशम्माही हसली. पण तिनं हात पदराखाली घेतला, ते मी पाहिलं.

ती पांढरी डबी कुठं लावायची? चांगली वस्तू देवाजवळ असावी, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून हॉलमध्येच, गाभाऱ्याच्या बाजूच्या कोनाड्यात, अखंड दिव्याच्या वर तिला जागा दिली. विभूती लावली, फूल वाहिलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या तारा सोडल्या. मला मात्र भिंतीवरून काढलं नाही, कारण मागचा गिलावा उखडला असता. मी तिथंच राहिलो, आतून रिकामा.

सप्ताह सुरू झाला. प्रभुलिंग महाराजांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "हा माझा शेवटचा सप्ताह. सात दिवस पुरे करून घ्या, मायबाप." रोज दुपारी चारला कीर्तन उभं राहायचं. आणि नमनापासूनच पंखा पाचवर. दुसऱ्या दिवशी महाराज खोकू लागले. तिसऱ्या दिवशी आवाज चिरला. लोक म्हणाले, वय झालं. काशम्मा राजशेखरकडं गेली.

"वारा लई हाय रे. गळा बसलाय त्यांचा."

त्यानं मोबाइल दाखवला. "बघा अव्वा, चव्वेचाळीस डिग्री. हॉल भट्टी झालाय. पंखा बरोबरच चाललाय."

चौथ्या दिवशी तिनं बोर्डावरचं बटण दाबून पंखाच बंद केला. तर त्या उकाड्यात महाराजांना घेरी आली, टाळकऱ्यांनी धरलं म्हणून बरं. "अव्वा, उगं मधी मधी करू नका!" कुणीतरी ओरडलं आणि पंखा पुन्हा लावला. ती येऊन माझ्याखाली बसली. आख्यान चाललं होतं, आवाज घोगरा झाला होता, आणि सवयीनं तिचा हात वर आला. तिनं मला फिरवलं. तीन. दोन. एक. मी आवाज केला, टक, टक. पंखा तसाच. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी महाराज नुसते कुजबुजले. सप्ताह मोडणार, असंच सगळे धरून चालले.

सहाव्या दिवशी दुपारी फुलवाली मल्लव्वा देवाची फुलं घेऊन आली. मोगऱ्याचा ओला गजरा तिनं कोनाड्यावर सोडला, तो त्या डबीवर पडला. थोड्या वेळानं वरचा पंखा मंद झाला. मल्लव्वानं गजरा सरळ करायला उचलून धरला, तर पंखा पुन्हा चढला. मल्लव्वाचं लक्ष नव्हतं. काशम्मा माझ्याखालून एकटक बघत होती.

कीर्तन उभं राहिलं. आख्यानाच्या ऐन भरात महाराजांचा आवाज तुटला. ते ओठ हलवत उभे, टाळ थांबलेले. काशम्मा उठली. तांब्यातल्या पाण्यात पदर बुडवला, सरळ कोनाड्यापाशी गेली आणि ओला पदर त्या डबीवर धरला.

पंखा उतरत उतरत एकवर आला. महाराजांनी घोटभर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत धृपद धरलं. आवाज बारीक होता, पण होता. टाळ हलके वाजू लागले.

मोबाइल हातात घेऊन राजशेखर बाहेरून धावत आला. चव्वेचाळीसचे एकोणतीस कसे झाले, हे त्याला कळेना. दारातच थबकला. सत्तरीची बाई हात उंच करून उभी. महाराज घामेजले की पदर जरा बाजूला घेते, आवाज चढायच्या आधी पुन्हा टेकवते. मग त्याची नजर डबीखालच्या दिव्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

"अव्वा, कळलं मला. डबी दिव्याची धग मोजत होती. हात खाली घ्या आता."

"आख्यान संपू दे," ती म्हणाली.

आख्यान संपेपर्यंत तो तिच्या कोपराला हात देऊन उभा राहिला.

सातव्या दिवशी सकाळी त्यानं डबी समोरच्या भिंतीवर नेली. महाराजांच्या डोक्यावरचा पंखा आपोआप चालण्यातून काढला आणि माझ्या शेजारी एक नवं, फिरवायचं बटण बसवलं. पांढरं, गुळगुळीत. "बाकीचे पंखे यंत्र बघेल," तो म्हणाला. "हा तुमचा." त्या दिवशी कीर्तन पुरं झालं. आरतीला शून्य झालं, कापूर सरळ जळला.

प्रभुलिंग महाराज श्रावणात गेले. यंदाच्या सप्ताहाला त्यांचा शिष्य उभा होता. तरुण, खणखणीत गळ्याचा. "अव्वा, वाढवा की जरा!" तो हसत म्हणाला. काशम्मानं नवं बटण चारवर नेलं. तेवढं वारं महाराजांसाठी तिनं कधीच सोडलं नव्हतं. मग बराच वेळ तिचा अंगठा माझ्या पुसट तीनवर टेकलेला होता.

मित्रांनो, मला पुन्हा जोडा असं मी म्हणत नाही. माझा काळ सरला, नवं बटण माझ्याहून गुणी आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, घराघरात नवी यंत्रं बसवाल, तेव्हा जुनं काढण्याआधी एकदा खाली बघा. तिथं कोण बसतं, ते विचारा. आणि त्यांच्यासाठी एक बटण राहू द्या.