नुबियामावशीचा नॉब

आमच्या बरांकिया शहरात रविवारी माझा स्पीकरांचा डोंगर दणाणला की शेजारच्या नुबियामावशीची भांडी थरथरायची. "आवाज कमी कर, मेल्या!" शेवटी मी तिच्या खिडकीत एक नॉब बसवला. "घे, तूच कमी कर!" त्याची वायर माझ्या आर्डुइनोला, म्हणजे लॅपटॉपला लावलेल्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडलेली होती. पण नॉब फिरवला की माझ्या लॅपटॉपवर फक्त आकडा बदलायचा, आवाज मुळीच नाही.

पुढच्या रविवारी आकडा सैरावैरा नाचायला लागला. म्हातारी पिळून पिळून दमली असणार! खो खो हसत मी तिच्याकडे माशाचं सांकोचो सूप ओरपायला गेलो, तर नॉब पातेल्याच्या झाकणावर आणि खिडकीत नुसती तुटकी वायर!

लोंबत्या वायरीवर आकडे उगाचच नाचतात, हे शाळेत पोरांना शिकवणारा मी, आणि मीच फसलो!

"झाकणाची मूठ तुटली होती," मावशी म्हणाली. "तुझ्या यंत्राचा निदान काहीतरी उपयोग झाला."