मी नळ आहे, कठडा नव्हे!

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. कॉलेजच्या वाचनालयामागे मुलींचं स्वच्छतागृह आहे, तिथल्या बेसिनवर मी बारा वर्षं काढली. नवा होतो तेव्हा इतका लखलखीत, की मुली माझ्यात बघून केस सारखे करायच्या. काम एकच, हात धुणाऱ्यांना पाणी देणं. पण लोक सुखासुखी काम करू देतील तर शपथ!

दुपारी एकच्या सुट्टीत दार हळूच उघडायचं. एक मुलगी यायची, आत कुणी नाही ना ते बघायची आणि नमाजेआधी वजू करायला लागायची. हात, तोंड, डोकं, इथवर माझी तक्रार नाही. पण शेवटी पाय! एक पाय उचलून थेट बेसिनमध्ये, आणि तोल जाऊ नये म्हणून धरायची काय? माझी मान. ती गेली की दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीला वाटायचं, अख्ख्या कॉलेजात अशी आपण एकटीच. अगं बायांनो, तुम्ही आठ जणी आहात! पण नळाचं ऐकतो कोण?

लादी पुसून पुसून साफसफाईच्या मावशी कावल्या. "पुन्हा तळं!" म्हणत त्यांनी 'पाय धुऊ नयेत' असा कागद चिकटवला. तो दोन दिवसांत भिजून गळून पडला.

व्हायचं तेच झालं. सगळ्यांत लहान मुलगी, मी तिला चिमणी म्हणतो, ती घसरली आणि मी मुळासकट तिच्या हातात आलो. फवारा छतापर्यंत! चिमणी घाबरून पळाली. पर्यवेक्षिकाबाईंनी मात्र मावशींनाच धारेवर धरलं. "लक्ष नाही तुमचं. उद्या प्लंबर आला की काम दाखवा आणि परवापासून येऊ नका." कोपऱ्यात पडल्या पडल्या माझा नुसता संताप झाला.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, तेव्हा दारात मुलींची गर्दी होती. चिमणी पुढे आली. पर्यवेक्षिकाबाई समोरच उभ्या होत्या.

"मॅडम, नळ माझ्याकडून तुटला. मी वजू करत होते. मावशींना काढू नका."

"तिच्याकडून नाही," मागून एक उंच मुलगी म्हणाली. "मी रोज धरते, म्हणून तो आधीच हलत होता."

"मीसुद्धा धरते."

चिमणी गर्रकन वळली. "तूपण?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "एक नळ तोडला तरी किती जणींनी?"

"आठ जणींनी, मॅडम," उंच मुलगी गर्दीतून वर आलेले हात मोजून म्हणाली. "पाळीपाळीनं."

मावशींना हसू आवरेना. "अहो बाई, मग खाली एक नळ बसवून द्या की. माझी लादी तरी वाचेल."

मावशी राहिल्या. बेसिनवर नवा नळ आला आणि वाकड्या मानेचा मी जमिनीपासून हातभर उंचीवर लागलो. समोर एक बाक. आयुष्यभर चेहरे पाहिले, आता टाचा बघतो! त्यात आठही जणी एकदम येतात, एकदम बोलतात आणि मला धड बंदही करत नाहीत.

परवा एक नवी मुलगी आली. इकडेतिकडे न बघता तिनं वरच्या नळाची मान धरली आणि पाय उचलला. माझ्या अंगावर काटाच आला.

"अगं, वर कशाला चढतेस?" चिमणी म्हणाली. "इथे बस. ए, सरका गं!"

ती तशीच एका पायावर उभी राहिली. "तुम्ही... रोज असता इथे?"

"रोज एक वाजता. उद्या उशीर करू नकोस."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की नळ घट्ट बंद करा. आणि कुणी असं एका पायावर उभं दिसलं, तर आधी थोडं सरका.