डोक्यातली सासू

माईचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? गाडी चालवायच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि तीही देवाच्या वचनापायी!

झालं असं, की पाळकांच्या बायकोने मोठ्या प्रेमाने तिला एक कार्ड दिलं. घाबरू नकोस, देव जवळ आहे, अशा अर्थाचं वचन त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं. "सारखं डोळ्यांसमोर ठेव, मनातलं वाईटसाईट बोलणं आपोआप बंद होईल," असंही बजावलं. माईने ते चिकटवलं थेट गाडीतल्या आरशावर. मग काय, परीक्षेत लेन बदलताना मागून येणारी व्हॅन दिसलीच नाही. परीक्षक साहेबांनी झडप घालून स्टिअरिंग फिरवलं म्हणून वाचले दोघं.

"बाई, आरसा मागचं बघायला असतो," साहेब म्हणाले आणि कागदावर फुली मारून मोकळे झाले.

घरी पोचेपर्यंत डोक्यातली सासू सुरू झाली होती. हे नाव माईनेच ठेवलेलं. खरी सासू बिचारी गरीब गाय होती, सुनेला कधी चढ्या आवाजात बोलली नाही. ही डोक्यातली मात्र दिवसभर तोंडाचा पट्टा सोडायची. 'झालं समाधान? आजवर काही धड जमलंय का तुला? नवऱ्याचा जीव घेशील एक दिवस.' शिवणयंत्रावर बसलं तरी तेच, भांडी घासतानाही तेच.

नवऱ्याचा विषय तर ती मुद्दाम काढायची. त्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते झालं की त्याला धड उभंही राहवत नसे. आजवर धाकटा दीर त्याला गाडीने नेत-आणत होता. पण दिराची बदली झाली, महिनाअखेरीस तो निघणार. हॉस्पिटलकडे बस जात नव्हती, दरवेळची टॅक्सी आवाक्याबाहेरची. म्हणजे माईने गाडी शिकायची, नाहीतर... त्या नाहीतरच्या पुढे ती जातच नसे.

"प्रार्थना कर," जो तो सांगायचा. अहो, करत होती की! पण गुडघे टेकले रे टेकले की सासूच आधी बोलायला लागायची. आणि खरी गोची अशी, की माईला आतून वाटायचं, हा देवाचाच आवाज आहे, तोच आपल्याला आपली लायकी दाखवतोय. मग त्याच्याकडे गाऱ्हाणं तरी कोणत्या तोंडाने न्यायचं?

त्या रविवारी ती चर्चमध्ये धुमसतच बसली. पाळक वाचत होते ती गोष्ट तिला पाठ होती. पाण्यावरून प्रभूकडे चालत निघालेला तो शिष्य, वारा बघून घाबरतो, बुडायला लागतो, वाचवा म्हणून ओरडतो. आता त्याच्या अविश्वासाबद्दल प्रभू त्याला बोलणार आणि सासूला ऊत येणार, म्हणून माईने दात आवळले. पण प्रभूने हात पुढे करून त्याला धरलं, एवढं वाचलं आणि पाळकांना खोकला आला. चांगली उबळच आली. त्यांनी पाणी मागवलं, प्यायले, घसा साफ केला, आणि मग कुठे पुढचं बोलणं वाचलं.

माई ताठ बसली. अरेच्चा! आधी धरलं की त्याला! बोलला तो नंतर, हात न सोडता. आणि ही भवानी? जन्मभर नुसती बोलतेय, हात काही एकदाही दिला नाही!

"देवा, हा तुझा आवाजच नाही," ती पुटपुटली. शेजारच्या बाईने वळून बघितलं. माईला आनंदबिनंद काही झाला नाही, उलट तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आपण हिला देव समजून मान खाली घालून ऐकत बसलो! घरी येऊन तिने नवऱ्यालाही ते तावातावाने ऐकवलं, दोनदा.

सासू अर्थातच कुठे गेली नाही. तिसऱ्या परीक्षेला ऐन चढावावर गाडी बंद पडली, तेव्हा ती हजरच. 'संपलं. आता गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना तरी कोणत्या तोंडाने—'

"आधी हात दे, मग बोल!" माई मोठ्याने म्हणाली.

"काय?" साहेब दचकले.

"तुम्हाला नाही हो."

धर रे प्रभू, एवढंच ती मनात म्हणाली. हँडब्रेक ओढला, हाताचा घाम पदराला पुसला, किल्ली फिरवली. गाडी कण्हत का होईना, वर चढली. साहेबांनी पास केलं, पण क्लचवरून चार शब्द सुनावलेच.

दीर गेला त्याच आठवड्यात माई नवऱ्याला हॉस्पिटलमधून एकटी आणत होती. भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. माईने किल्ली फिरवली, गाडी गचका खाऊन परत बंद.

"अगं, तुला किती वेळा..." नवऱ्याने तोंड उघडलं आणि एकदम मिटलं. डायलिसिसची पट्टी बांधलेला हात त्याने कसाबसा उचलला, धोक्याच्या दिव्याचं बटण दाबलं, आणि मग तोच हात तिच्या हातावर ठेवला.

"आता बोलू?"

"आता बोला."

"तू तिसऱ्या गिअरमध्ये आहेस."